गांजा, आठवण आणि कर्जतचं वेणगाव

कर्जत-खालापूरच्या श्रोत्यांनो, आजची गोष्ट तुमच्याच भागात येऊन पोचणार आहे. पण आधी जरा मागे जाऊ, १८९३ सालात.

त्या वर्षी ब्रिटिश सरकारनं गांजा, भांग आणि चरस यांच्या चौकशीसाठी एक कमिशन नेमलं. तेव्हाच्या वेड्यांच्या इस्पितळांत (त्या काळी असंच म्हणायचे) रजिस्टरमध्ये वेडाचं कारण लिहायचा रकाना असे. १८९२ मध्ये दाखल झालेल्या २२२ जणांपुढे 'गांजा-भांग' असं कारण होतं. कमिशननं या केसेस परत तपासल्या, तेव्हा त्यातल्या ९८च टिकल्या! माणूस गांजा ओढतो एवढं कळलं की पुढे चौकशी न करताच कारण लिहून मोकळे व्हायचे.

मग गांजा निर्दोष का? तसंही नाही.

१९६४ मध्ये इस्रायलमध्ये गांजातला नशेचा मुख्य रेणू, टीएचसी, वेगळा काढला गेला. १९८८ मध्ये अमेरिकेत त्याचा मेंदूतला रिसेप्टर सापडला. रिसेप्टर म्हणजे कुलूप समजा, ठरावीक किल्लीनंच उघडणारं. १९९२ मध्ये आपलं शरीर स्वतः बनवतं ती किल्लीही सापडली. तिचं नाव ठेवलं 'आनंदामाइड', आपल्या 'आनंद' शब्दावरून. ही कुलपं हिप्पोकॅम्पसमध्ये भरपूर असतात, आणि नव्या आठवणी तिथेच घडतात. म्हणून नशेत ऐकलेलं-वाचलेलं डोक्यात राहत नाही.

२०१५ मध्ये बार्सिलोनातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. हे कुलूप सेरोटोनिनच्या '२ए' नावाच्या कुलपाला चिकटून जोडीनं काम करतं. ज्या उंदरांमध्ये हे २ए नव्हतंच, त्यांना टीएचसी देऊनही त्यांची स्मरणशक्ती बिघडली नाही. वेदना मात्र तरीही कमी झाल्या. म्हणजे विसरणं आणि वेदना कमी होणं, दोन्हींच्या वाटा वेगळ्या. पण हे उंदरांवरचं काम आहे, गांजा ओढायची परवानगी नव्हे!

आता कर्जत. इथल्या वेणगावात २००६ पासून श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र आहे. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्यानं १९८८ मध्ये ही संस्था सुरू केली. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणायचं, उपचार करायचे, घरी पोचवायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी डॉ. भरत यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अशा आजारांवरची बरीच नवी औषधं डोपामाइनसोबत सेरोटोनिनचं तेच २ए कुलूपही अडवतात. ती काही आठवणीची गोळी नाही. पण आजार आटोक्यात आला की माणूस बोलू लागतो, आणि त्याचं घर शोधायचं तर त्याला आठवणारं गावाचं नाव हाच मोठा धागा असतो.

म्हणून मला १८९२ चं ते रजिस्टर महत्त्वाचं वाटतं. खालापूरला हायवेच्या कडेनं कुणी फाटक्या कपड्यांत बडबडत चाललेला दिसतो, आणि आपण पटकन म्हणतो, "गांजाडी असेल!" आपणही तोच रकाना भरत असतो, चौकशी न करता.

तुमच्या ओळखीत कुणाला मदत हवी असेल, तर टेलि-मानसचा सरकारी नंबर १४४१६ आहे. फोन फुकट आहे. भेटू पुढच्या भागात!