साच्यातून पडलेले आकार

कागद, पुठ्ठा किंवा कातडे यांवर धारदार कडांचा साचा दाबून हवा तो आकार एका दाबात कापून काढण्याच्या पद्धतीला छपाईच्या धंद्यात डाय-कटिंग किंवा पंचिंग म्हणतात. लाटलेल्या मोठ्या पोळीवर वाटी दाबून पुऱ्या पाडतात, त्यातले तत्त्व हेच. कात्री आकाराच्या कडेने थोडी थोडी पुढे सरकते. साचा सगळी कड एकदम कापतो, म्हणून त्याचा हजारावा तुकडाही पहिल्यासारखाच निघतो. इतक्या सारखेपणात हाताच्या कलेला जागा उरत नाही, असे वाटणे साहजिक आहे. गेल्या दोनशे वर्षांतल्या कागदकामाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. कापण्याचे कष्ट साच्याने उचलले की कारागिराची कल्पकता आकार एकमेकांवर रचणे, उचलून धरणे, घडी घालणे आणि जोडणे या कामांकडे वळते, आणि ती तिथे चांगलीच फुलते.

या साच्यांचा मोठ्या प्रमाणावर वापर प्रथम चर्मोद्योगात झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बुटांचे तळवे कातड्यावर आखून हाताने कापत असत. पुढे तळव्याच्या आकाराची पोलादी पाती कातड्यावर ठेवून त्यांवर मोगरीने घाव घालू लागले आणि नंतर ते काम दाबयंत्राकडे गेले. ठरावीक मापांचे बूट भराभर तयार होऊ लागले, त्यात या पात्यांचा वाटा मोठा होता. कागदाने मात्र या वाटेवर स्वतंत्रपणे पाऊल टाकले होते, आणि तेही चर्मोद्योगाच्या आधी.

लंडनमध्ये डॉब्स नावाची पेढी उठावाच्या नक्षीचे कागद बनवत असे. नर आणि मादी अशा दोन साच्यांमध्ये कागद दाबला की नक्षी वर उचलून येते. तिथला कामगार जोसेफ अ‍ॅडनब्रुक याच्या 1834 साली लक्षात आले की, कागद साच्यावर असतानाच उचललेली टोके कानसीने घासून टाकली तर त्या जागी बारीक छिद्रे पडतात आणि सबंध कागद विणलेल्या लेससारखा दिसतो. कागदी लेसचा जन्म असा झाला. 1840 साली ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली आणि व्हॅलेंटाइन दिनाच्या भेटकार्डांचा खप वाढला. त्या कार्डांची चौकट म्हणून ही लेस घरोघर पोहोचली.

अटलांटिकपलीकडे या लेसचे सोने केले ते एस्थर हाउलंड या तरुणीने. मॅसेच्युसेट्समधील वुस्टर गावात तिच्या वडिलांचे पुस्तकांचे आणि लेखनसाहित्याचे दुकान होते. माउंट होलिओक येथील शिक्षण संपवून ती 1847 साली घरी आली आणि त्याच सुमारास इंग्लंडहून आलेले एक व्हॅलेंटाइन कार्ड तिच्या पाहण्यात आले. तिने इंग्लंडमधून कागदी लेस आणि छापील फुले मागवून स्वतः काही नमुने तयार केले. दुकानाच्या मालाची मागणी घेत फिरणाऱ्या भावाने ते बरोबर नेले. दोनशे डॉलरची मागणी येईल अशी तिला आशा होती. भाऊ परतला तो पाच हजार डॉलरहून अधिक मागणी घेऊन.

मग तिने मैत्रिणींना बोलावून घरातच काम मांडले. एकीने फुले कापायची, दुसरीने तळाचा कागद मांडायचा, तिसरीने त्यावर लेस चिकटवायची, अशी कामाची वाटणी होती. कारखान्यांतून पुढे रूढ झालेली जोडणीची साखळी इथे कागदकामासाठी वापरली गेली, आणि ती स्त्रियांनी उभी केली होती, याची नोंद घ्यायलाच हवी. परंतु हाउलंडचे खरे देणे कार्डाच्या मांडणीत होते. पांढऱ्या लेसखाली तिने झगझगीत रंगाच्या कागदाची छोटी चकती सरकवली. त्यामुळे छिद्रांतून रंग दिसू लागला आणि जाळीची नक्षी उठून आली. तिची दुसरी युक्ती कागदी स्प्रिंगांची. अरुंद पट्टीच्या पुढे-मागे घड्या घालून केलेली ही स्प्रिंग लेसच्या थराखाली चिकटवली की वरचा थर उचलला जातो आणि कार्डाला खोली येते. साच्यातून आलेला आकार सपाट, सारखा आणि विकतचा होता. त्याखालची उंची आणि रंग मात्र हाताने ठरवलेले होते. आजही साच्याने कापलेली आकृती कार्डावर उचलून बसवताना तिच्याखाली फोमचे तुकडे लावतात, ते काम हाउलंडच्या स्प्रिंगांचेच. तिने आपला व्यवसाय 1881 साली जॉर्ज व्हिटनी याला विकला.

इंग्लंड-अमेरिका लेसमध्ये रमले होते, तेव्हा जर्मनीत छापील चित्रांना साच्याची धार लागली. दगडावरून अनेक रंगांत छापण्याची क्रोमोलिथोग्राफीची पद्धत 1837 नंतर युरोपात पसरली. देवदूत, गुलाब, मुले, पक्षी, जहाजे अशी चित्रे एकाच तावावर छापून त्यांवर सरस आणि डिंकाचा चकचकीत थर देत. मग दाबाने चित्राला उठाव आणत आणि शेवटी धारदार पंचांनी चित्राभोवतालचा नको तो कागद काढून टाकत. चित्रे सुटी होऊन विखरू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये कागदाच्या अरुंद पट्ट्या शिडीसारख्या राखलेल्या असत. छापणाऱ्याचे नाव बहुधा या पट्ट्यांवरच असे, त्यामुळे जुन्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्यांना पट्टी शाबूत असलेला ताव फार मोलाचा वाटतो. इंग्रजीत स्क्रॅप म्हणून ओळखली गेलेली ही चित्रे बर्लिनसारख्या शहरांतून जगभर जात. प्रशियातून लंडनला येऊन 1866 साली दुकान थाटणाऱ्या राफाएल टक यांच्या पेढीनेही त्यांचा मोठा व्यापार केला. पहिल्या महायुद्धापर्यंत या धंद्यावर जर्मनीचीच पकड होती.

या चित्रांचे लोकांनी जे केले ते छापणाऱ्यांनी ठरवून दिलेले नव्हते. ती वह्यांत चिकटवली गेली, हे तर खरेच. पण घरातल्या घडीच्या पडद्यांवरही शेकडो चित्रे एकमेकांवर चढवून लावत आणि वरून व्हार्निश देत. मोठे फूल आणि छोटे जहाज शेजारी येई, प्रमाणाचा मेळ नसे, तरीही सगळा पडदा एका चित्रासारखा भरून निघे. जर्मन घरांत नाताळच्या लेबकुखन नावाच्या मसालेदार केकवर साखरेच्या थराने हीच चित्रे चिकटवत. चमकीच्या तारेत गुंफून ती नाताळच्या झाडावरही टांगत.

साच्याच्या आकारातून घनवस्तू घडवण्याची हौस ड्रेस्डेन आणि लाइपझिग परिसरात कळसाला पोहोचली. साधारण 1880 ते 1910 या काळात तिथे ओलसर पुठ्ठ्यावर उठाव दाबून आणि कडा कापून मासे, घोडे, बग्ग्या, आगबोटी यांचे अर्धे भाग काढत. एक डावा, एक उजवा. ते दोन अर्धे हाताने जुळवून चिकटवले की पोकळ, भरीव दिसणारी वस्तू तयार होई. मग तिला सोनेरी किंवा रुपेरी मुलामा देत. जुळवणीचे काम बरेचसे घरी बसून केले जाई. काही वस्तूंच्या पोटात मिठाई ठेवण्याइतकी जागा असे. धातूची वाटावी अशी ही आगबोट हातात घेतली की नुसत्या पुठ्ठ्याची निघते. साच्याच्या कागदकामात याहून सुंदर काही क्वचितच घडले असेल.

यानंतरचे वळण धंद्यातून आले आणि त्याचे श्रेय एका चुकीला जाते. एडिनबरोत जन्मलेला रॉबर्ट गेअर हा न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनमध्ये कागदी पिशव्या बनवत असे. 1879 साली बियांच्या पिशव्या छापताना यंत्रातली एक धातूची पट्टी जागची सरकून उंच झाली. तिने घडीची रेघ उमटवण्याऐवजी पिशव्या कापून टाकल्या. वाया गेलेला माल पाहून गेअरला सुचले की, काही पट्ट्या उंच आणि धारदार, काही किंचित बुटक्या आणि बोथट ठेवल्या तर एकाच दाबात कापही होईल आणि घडीही पडेल. त्याचे यंत्र तासाला 750 ताव कापत असे आणि प्रत्येक तावातून दहा खोकी निघत, म्हणजे तासाला साडेसात हजार. तोवर खोकी बरीचशी हाताने कापून जुळवावी लागत आणि तयार खोकी गोदामात जागा अडवत. आता सपाट खोक्यांचा गठ्ठा दुकानात जाऊ लागला. नॅशनल बिस्किट कंपनीने आपली युनीडा बिस्किटे घडीच्या खोक्यात विकायला काढली, तेव्हा सुटी बिस्किटे पिंपातून तोलून देण्याची रीत मागे पडू लागली.

गेअरच्या कल्पनेतून पट्टीची डाय रूढ झाली. प्लायवूडच्या फळीत आकाराची खाच पाडून तिच्यात वाकवलेली पोलादी पट्टी बसवतात. पट्टीच्या दोन्ही बाजूंना रबर लावतात, म्हणजे दाब सुटताच ते कागदाला पात्यापासून दूर ढकलते. खाच सलग पाडली तर मधला लाकडाचा तुकडाच निखळेल, म्हणून ती मध्येमध्ये तोडलेली असते. पात्याच्या धारेवरही बारीक फटी ठेवतात, त्यामुळे कापलेले खोके तावातून लगेच गळून पडत नाही. स्क्रॅपच्या तावावरच्या शिडीचे काम इथे या फटी करतात.

ही डाय महाराष्ट्रातल्या छापखान्यांतही रुळली. ऑफसेट छपाई आल्यावर खिळ्यांची जुळणी थांबली. तरी जुनी ट्रेडल यंत्रे अनेक ठिकाणी टिकली आणि पंचिंग, क्रीजिंग म्हणजे घडीची रेघ पाडणे, नंबर टाकणे अशा कामांना लागली. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर गणपतीची आकृती कापून काढलेली असते आणि त्या खिडकीतून आतला सोनेरी कागद चमकतो. हाउलंडने लेसखाली चकती सरकवून जे साधले, तेच इथे वेगळ्या रूपात दिसते. कापून निघालेल्या आकाराइतकीच मागे राहिलेली खिडकी कामाची असते, हे पत्रिकेच्या धंद्याने फार चांगले ओळखले.

खिडकीचा असा वापर पुस्तकांनीही केला. अमेरिकन चित्रकार पीटर न्यूएल याच्या 1908 सालच्या ‘द होल बुक’मध्ये एका मुलाच्या हातून सुटलेली गोळी पुस्तकाच्या पानापानांतून आरपार जाते आणि प्रत्येक पानावर खरेच भोक असते. चित्रकार एरिक कार्ल याला कागदांच्या गठ्ठ्यात पंचने भोके पाडताना पुस्तक कुरतडणाऱ्या अळीची कल्पना सुचली. त्यातून 1969 साली ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ आले. अळीने खाल्लेल्या फळांत छिद्रे आणि फळागणिक रुंद होत जाणारी पाने असलेले हे पुस्तक परवडेल अशा खर्चात छापून देणारा अमेरिकेत मिळेना, म्हणून ते जपानात छापून घ्यावे लागले.

शाळेत आणि घरात साचा आला तो 1977 नंतर. कॅलिफोर्नियात मुलांच्या शाळेत स्वेच्छेने मदत करणाऱ्या एका बाईंनी फलकांसाठी कात्रीने अक्षरे कापण्यात शिक्षकांचे किती तास जातात ते पाहिले होते. त्या आणि त्यांचे पती यांनी हाताच्या दांड्याने दाब देणारे यंत्र आणि लाकडी ठोकळ्यातली अक्षरांची पाती बाजारात आणली. पाते तेच, गेअरच्या परंपरेतले, फक्त हाताने पेलवेल इतके लहान. अक्षरांमागून आकडे, पाने, प्राणी आले. 1980 साली सॉल्ट लेक सिटीतील एका परिषदेत मॅरिलेन क्रिस्टेन्सेन यांनी आपल्या कुटुंबाच्या आठवणींच्या वह्या मांडल्या आणि अशा वह्या सजवण्याचा छंद अमेरिकेत जोराने पसरला. त्याने या पात्यांना घरगुती बाजार मिळवून दिला. पुढे दांड्याऐवजी रूळ आले. पाते आणि कागद दोन जाड पट्ट्यांमध्ये ठेवून मूठ फिरवली की आकार कापून निघतो. रसायनाने कोरलेली पातळ धातूची पाती आली, तेव्हा लेसइतकी बारीक नक्षीही घरच्या टेबलावर शक्य झाली.

घरच्या कारागिरांनी एकाच आकारातून किती गोष्टी काढल्या, ते पाहण्याजोगे आहे. कार्डशीट दुमडून घडीची कड पात्याच्या किंचित आत ठेवली तर तेवढा भाग कापला जात नाही आणि फुलपाखराच्या किंवा घराच्या आकाराचे उघडणारे कार्ड मिळते. हृदयाचे चार आकार टोकाशी टोक लावून मांडले की फूल होते. तेच मधोमध दुमडून एकाआड एक चिकटवले तर पाकळ्या उभ्या राहतात. वर्तुळे अर्ध्यात दुमडून पाठीला पाठ लावली की चेंडू बनतो. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडच्या मुलांच्या हातून घडणारे छोटे कागदी आकाशकंदीलही याच रीतीने होतात, तिथे फक्त आकार कात्रीने कापलेला असतो. एकच आकार पाच-सहा वेळा कापून थरावर थर चिकटवला की पातळ कागदाचे लाकडासारखे जाड अक्षर तयार होते. पाते अर्धवटच दाबले तर पान कागदाला देठाशी जोडलेले राहते आणि बोटाने वर उचलता येते. एका रंगाच्या कागदातून निघालेला तुकडा दुसऱ्या रंगाच्या खिडकीत नेमका बसतो, आणि गोंद दिसू न देता जडावकाम साधते. यासाठी साचाच लागतो, कारण कात्रीने कापलेले दोन तुकडे इतके तंतोतंत जुळत नाहीत.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी संगणकावरून चालणारी छोटी कापणीयंत्रे घराघरांत आली. त्यांना ठरावीक आकाराचा साचा लागत नाही. बारीक पाते पडद्यावरची रेघ गिरवत कागद कापते, म्हणून कोणतेही माप आणि कोणतीही देवनागरी अक्षरे काढता येतात. पण ते पाते, कात्रीप्रमाणेच, कडेने चालत जाते आणि बहुधा एका वेळी एकच थर कापते. कागदाचा गठ्ठा, नमदा किंवा कापड एका दाबात कापायचे असेल तेव्हा पट्टीची डाय अजूनही अधिक उपयोगी ठरते, त्यामुळे शाळांतून आणि छंदवर्गांतून ही दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी चालतात.