कंटाळ्याचा इतिहास: मुक्त-विश्व खेळांतील संथपणाविषयी

एखादी कादंबरी 'संथ' आहे असे विद्यार्थ्याने म्हटले, की शिकवणाऱ्याच्या मनात निदान तयार असते: ह्या पिढीला धीर नाही. आम्हीही वर्गात हे निदान अनेकदा केले आहे. परंतु हीच मुले संगणकावरचा एखादा खेळ ऐंशी-शंभर तास खेळतात, आणि त्याच खेळाविषयी त्यांच्याच वयाची दुसरी मुले 'फार रटाळ आहे, नुसते चालत राहावे लागते' अशी तक्रार करतात. हे लक्षात आल्यावर आमचे निदान डळमळीत झाले. धीराचा अभाव हे कारण पिढीला लागू करायचे, तर एकाच पिढीतील हे दोन गट कसे समजावून घ्यायचे? ह्या प्रश्नाचे उत्तर खेळणाऱ्यांच्या स्वभावात जेवढे आहे, तेवढेच त्या खेळांच्या इतिहासात आहे, असे आम्हांला वाटते.

ज्या खेळांविषयी आम्ही लिहीत आहोत त्यांना 'ओपन-वर्ल्ड रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, त्या पात्राची कौशल्ये हळूहळू वाढवत नेतो, आणि एका विस्तीर्ण प्रदेशात कोठे जायचे, कोणाशी बोलायचे, कोणते काम आधी हाती घ्यायचे हे बव्हंशी स्वतः ठरवतो. ह्या स्वातंत्र्याची किंमत म्हणजे अंतर. प्रदेश विस्तीर्ण असेल तर तो ओलांडावा लागतो, आणि ओलांडायला वेळ लागतो. कंटाळ्याची बहुतेक तक्रार ह्या ओलांडण्याविषयीची असते.

ह्या प्रकाराचा उगम संगणकावर झालेला नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. तो कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा. युद्धाचे नकाशावरील खेळ ही त्याची पूर्वपीठिका. त्यामुळे अंतरे, ओझे, शिधा ह्यांचा हिशेब त्यात आरंभापासून होता. मात्र टेबलाच्या एका टोकाला खेळ चालवणारा माणूस बसलेला असे. वाटेत सांगण्याजोगे काही नसेल, तर 'तीन दिवस चालून तुम्ही किल्ल्यापाशी पोहोचलात' एवढ्या एका वाक्यात तो प्रवास आटोपून टाकी. आणि दुसऱ्या दिवशी अरण्यात काही घडवायचे असेल, तर तेथेच थांबून तासभर त्याचा विस्तार करी. कथनमीमांसेच्या परिभाषेत बोलायचे, तर कथितकाळ आणि कथनकाळ ह्यांचे प्रमाण त्याच्या हाती होते. सारांश कोठे द्यायचा आणि प्रसंग कोठे उभा करायचा, हा निवेदकाचा सनातन अधिकार त्याच्याकडे होता.

खेळ संगणकावर आला तेव्हा हा निवेदक नाहीसा झाला. आमच्या मते पुढचा सारा वाद ह्या रिकाम्या जागेभोवती फिरतो: 'तीन दिवसांनी' असे म्हणण्याचा अधिकार आता कोणाचा?

रिचर्ड गॅरियट ह्यांच्या 'अल्टिमा' (१९८१) ह्या खेळात प्रदेश चौकोनांत मांडलेला होता. एक कळ दाबली की एक चौकोन ओलांडला जाई आणि जवळचे अन्न थोडे कमी होई. अन्न संपले की मृत्यू. नकाशाच इतका आखडलेला होता की काही डझन कळांत डोंगर-दऱ्या मागे पडत. येथे सारांश देणारा कोणी नव्हता. चित्राच्या प्रमाणातच तो मुरलेला होता. पुढे संगणकांची शक्ती वाढली, झाडे झाडांएवढी आणि वाटा वाटांएवढ्या दिसू लागल्या, आणि हा अंगभूत सारांश मोडला. देखावा जितका खरा, तितके चालणे लांब.

ह्या दृष्टीने १९९६ हे वर्ष फार महत्त्वाचे आहे. त्या वर्षी बेथेस्डा कंपनीचा 'डॅगरफॉल' आला. त्यातील प्रदेश संगणकीय सूत्रांनी निर्माण केलेला आणि इतका अवाढव्य होता, की त्याची तुलना ग्रेट ब्रिटनशी केली जाई. तो पायी ओलांडणे व्यवहारतः अशक्य. म्हणून नकाशावर ठिकाण निवडले की खेळ विचारी: सावधपणे जाणार की बेधडक? मुक्काम धर्मशाळेत की उघड्यावर? आणि त्यानुसार दिवसांचा व पैशांचा हिशेब मांडी. कामांना मुदती असल्यामुळे हे दिवस खरोखर खर्च होत. सारांश परत आला होता, पण तो फुकट नव्हता.

त्याच वर्षाच्या अखेरीस 'डायाब्लो' आला. एक गाव, त्याखाली सोळा मजल्यांचे तळघर, आणि माऊसच्या प्रत्येक टिचकीला तत्काळ मिळणारा प्रतिसाद. हा खेळ मुळात आळीपाळीने खेळायचा, म्हणजे संथ, असा कल्पिला होता. त्याचे एक जनक डेव्हिड ब्रेव्हिक ह्यांनी २०१६ मधील एका व्याख्यानात सांगितले आहे, की हा बदल त्यांना आधी मान्य नव्हता. परंतु थोड्या तासांच्या कामानंतर पडद्यावरील सांगाडा टिचकीसरशी कोसळताना पाहिला आणि त्यांचे मत पालटले. एकाच कुळाच्या येथे दोन शाखा झाल्या. दोन्हींत पात्र वाढते, शस्त्रे मिळतात, राक्षस मरतात. पण एकीत वाट हा आशय आहे, दुसरीत वाट हा अडथळा आहे. दुसऱ्या शाखेत वाढलेला खेळाडू पहिल्या शाखेच्या दारात उभा राहिला, की त्याला सगळे 'उशिरा' घडते आहे असे वाटणे स्वाभाविकच नव्हे काय?

त्याच १९९६ साली रिचर्ड बार्टल ह्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. केवळ शब्दांतून साकारलेल्या, अनेकांनी मिळून खेळायच्या विश्वांतील खेळाडूंचे त्यांनी चार वर्ग केले: सिद्धी मिळवू पाहणारे, शोध घेणारे, सहवास शोधणारे आणि इतरांवर मात करू पाहणारे. हे वर्गीकरण एका विशिष्ट प्रकारच्या खेळांसाठी होते. ते सरसकट लावणे धोक्याचे. तरी एक गोष्ट त्यातून घेता येते. शोध घेणाऱ्याला रिकामी दरी म्हणजे आमंत्रण. सिद्धी मिळवू पाहणाऱ्याला तीच दरी म्हणजे दोन कामांमधला वाया गेलेला वेळ. दोघेही एकाच पडद्याकडे पाहत असतात आणि दोघांपैकी कोणीही चुकीचे पाहत नसतो.

२००२ साली बेथेस्डाच्याच 'मोरोविंड'ने ह्या वादाला वेगळे वळण दिले. तेथे नकाशावर बोट ठेवून कोठेही पोहोचता येत नसे. प्रवासाची साधने होती, पण ती त्या विश्वातली होती: 'सिल्ट स्ट्रायडर' नावाचा प्रचंड किडा, होड्या, मांत्रिकांच्या संघातील मार्गदर्शक, काही मंत्र. ती ठरावीक ठिकाणांहून ठरावीक ठिकाणीच नेत. उरलेले अंतर पायी, आणि पायांची गती आरंभी फार मंद. ठिकाणाचा पत्ता बाण दाखवत नसे, माणसे सांगत. पुलापलीकडे उत्तरेला वळ, खडकापाशी डावी वाट धर, असे. आणि क्वचित सांगणाऱ्याची चूकही होई. म्हणजे येथे वाट वाचावी लागत होती. संथपणा होता, पण त्या संथपणात खेळाडूचे ज्ञान वाढत होते. असे असूनही अनेकांनी पहिल्या दोन-चार तासांत हा खेळ सोडून दिला, हेही तितकेच खरे. वाचायला शिकण्याआधीच वाचनाचा कंटाळा येतो, हे शिक्षकांना नव्याने सांगायला नको.

ती तक्रार ऐकली गेली. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये मुख्य शहरे आरंभापासूनच नकाशावरून गाठता येऊ लागली आणि होकायंत्रावरील खूण कामाचे ठिकाण दाखवू लागली. सारांशाचा अधिकार आता खेळाडूच्या हाती आला. पण त्याबरोबर एक सूक्ष्म बदल झाला. खूण दिशा दाखवते म्हटल्यावर पात्रांनी वाटेचे वर्णन करण्याचे कारण उरले नाही. जंगल तेवढेच दाट राहिले, मात्र ते पाहण्याची गरज संपली. ज्यांना 'ऑब्लिव्हियन' आणि त्यानंतरचा 'स्कायरिम' (२०११) आवडले असे असंख्य आहेत. परंतु खुणेमागे चालत जाणाऱ्याला कंटाळा येतो तो वाट लांब असल्यामुळे नव्हे. त्या वाटेवर त्याने करण्याजोगे काही उरलेले नसते म्हणून येतो. हा दुसऱ्या जातीचा कंटाळा आहे. दोहोंना आपण एकच नाव देतो, इथेच आपली फसगत होते.

साहित्याच्या शिक्षकांना विशेष वाटावे असे उदाहरण २०१८ मधले आहे. प्रागमधील वॉरहॉर्स स्टुडिओजच्या 'किंगडम कम: डिलिव्हरन्स'मध्ये १४०३ सालचा बोहेमिया आहे, आणि नायक हेन्री हा लोहाराचा निरक्षर मुलगा आहे. तो पुस्तक उघडतो तेव्हा पडद्यावर शब्दांतील अक्षरे उलटसुलट झालेली दिसतात. एका गावातल्या लेखनिकाकडे जाऊन शिकावे लागते, मग बसून वाचत राहावे लागते, आणि अक्षरे हळूहळू जागेवर येतात. पराक्रमाच्या खेळात अक्षरओळखीसाठी वेळ मागणे हे धाडस होते. ह्या खेळात नकाशावरून प्रवास करता येतो, पण त्या वेळात दिवस सरतो, भूक लागते, आणि मध्येच दरोडेखोर आडवे आले तर सारांश थांबून प्रसंग सुरू होतो. टेबलाच्या टोकाला बसलेल्या त्या जुन्या निवेदकाची आठवण व्हावी, असा हा तोडगा आहे.

परंतु ह्याच खेळात प्रगती जतन करण्यासाठी एक विशिष्ट मद्य जवळ असावे लागे किंवा आपल्या बिछान्यावर झोपावे लागे. खेळाडूंनी ह्यावर तीव्र नाराजी दर्शवली, आणि 'जतन करून बाहेर पडा' ही सोय पुढे सुधारणेद्वारे द्यावी लागली. ही नाराजी आम्हांला अत्यंत न्याय्य वाटते. रात्री दहा वाजता कामावरून आलेल्या, अर्ध्या तासाने झोपायला हवे असलेल्या माणसाकडून खेळ त्याच्या आयुष्यातला वेळ मागत होता; हेन्रीच्या आयुष्यातला नव्हे.

येथे अभिनवगुप्ताची आठवण होते. त्याने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी एक 'निजसुखादिविवशीभाव' आहे: प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात इतका गुंतलेला असतो की रसास्वाद घडत नाही. हे विघ्न आपण शिकवतो, पण त्याचा उत्तरार्ध घाईत वगळतो. अभिनवगुप्त ह्या प्रेक्षकाला नाट्यगृहाबाहेर घालवत नाही. गीत, वाद्य, सजवलेला मंडप ह्यांची योजना हे विघ्न दूर करण्यासाठीच आहे, त्यांच्या योगे अरसिकही सहृदय होतो, असे तो म्हणतो. विघ्न प्रेक्षकात असले, तरी ते दूर करण्याची जबाबदारी प्रयोगाची आहे.

ही जबाबदारी झटकण्याचा एक नवा मार्ग ह्याच काळात दिसू लागला. २०१८ च्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'मध्ये पात्राची वाढ कायमची दीडपट वेगाने करणारी सोय वेगळे पैसे घेऊन विकली जात होती, आणि अशा वस्तूंच्या विभागाचे नावच वेळ वाचवण्यावरून ठेवले होते. २०२४ च्या 'ड्रॅगन्स डॉग्मा २'चे दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो ह्यांनी प्रकाशनापूर्वी म्हटले होते, की प्रवास कंटाळवाणा होतो तो खेळच कंटाळवाणा असल्यामुळे. प्रवास रंजक करा म्हणजे झाले. भूमिका निःसंशय अभिजात आहे. पण त्याच खेळात हव्या त्या जागी परतण्याची खूण रोवणारा स्फटिक पैसे देऊन विकत मिळत होता, आणि खेळाडू संतापले. त्यांचा संताप रकमेपुरता नव्हता. संथपणा हा जर आशय असेल, तर तो टाळण्याची किंमत लावता कामा नये. आणि तो विकण्याजोगा अडथळा असेल, तर त्याला आशय म्हणता कामा नये. 'तीन दिवसांनी' असे म्हणण्याचा अधिकार येथे निवेदकाकडेही नव्हता आणि खेळाडूकडेही. तो दुकानदाराकडे गेला होता. एकदा ही शंका मनात शिरली, की प्रामाणिक संथपणाकडेही खेळाडू संशयाने पाहू लागतो.

तेव्हा 'काहींना संथ खेळ का आवडत नाहीत' ह्या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणी दुसऱ्या शाखेत वाढलेला असतो. कोणाला वाट वाचायला शिकवलेले नसते. कोणाच्या वाटेवर वाचण्याजोगे काही ठेवलेलेच नसते. कोणी दमलेला असतो. आणि कोणाला आपला वेळ ओलीस ठेवला आहे असे, बहुधा रास्तपणे, वाटत असते. 'धीर नाही' ह्या दोन शब्दांत ह्या पाचही गोष्टी आपण पुसून टाकतो.

कादंबरी संथ आहे असे आता कोणी वर्गात म्हटले, तर आम्ही एवढेच विचारतो: कोणत्या पानापासून? उत्तर बहुधा नेमके येते. ते पान उघडून पाहिले, की कधी विद्यार्थ्याला वाचायचे राहिलेले काही सापडते, आणि कधी कादंबरीकाराने तेथे खरोखरच काही ठेवलेले नसते.