पाचोळ्यातला ताप

1957 सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्याच्या क्यासनूर नावाच्या रानात, माकडे मरून पडू लागली. रानालगतच्या खेड्यांतील लाकूडफाटा गोळा करणारी, गुरे चारणारी माणसेही त्याच सुमारास तापाने फणफणली. डोके फुटेल असा ठणका, अंग मोडून येणे आणि काहींना नाकातोंडातून रक्त. पुण्यात 1952 साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झालेले होते. तेथील संशोधकांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत माणसांच्या आधी माकडे मरतात आणि मागोमाग पीतज्वर येतो, हे त्यांना ठाऊक होते. आशिया खंडात तो रोग कधीच शिरला नव्हता. त्यामुळे ही शंका खरी ठरती तर तो केवढा अनर्थ झाला असता!

ती खरी ठरली नाही. टेलफोर्ड वर्क, हॅरल्ड ट्रॅपिडो आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांना जो विषाणू सापडला, त्याचे नाते निघाले थेट रशियातील एका मेंदूज्वराशी. 1937 साली लेव्ह झिल्बर यांच्या पथकाने सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेकडील अरण्यात त्या रोगाचा छडा लावला होता. तो रोगही रानात काम करणाऱ्यांचाच. त्याचे वाहनही गोचीडच. क्यासनूरच्या रोगाचा मुख्य वाहक म्हणजे पाचोळ्यात दडून बसणारी, तिळाएवढी, सहज नजरेस न पडणारी गोचिडीची बालावस्था होय. पावसाळा सरला की ती वाढीस लागते आणि नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत तिचा उपद्रव चालतो. शेतकऱ्याला नेमके याच महिन्यांत रानात जावे लागते. कानडी मुलुखात लोकांनी या दुखण्याला ‘मंगन कायिले’ म्हटले, मराठीत ते ‘माकडताप’ झाले. बिचाऱ्या माकडाचा यात अपराध एवढाच, की ते माणसाआधी मरते.

हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. म्हणून शहरातील साथीत जे उपाय योजतात, दारे-खिडक्या उघडणे, गर्दी टाळणे, रोग्याला वेगळे ठेवणे, त्यांचा येथे काही उपयोग नाही. येथे धोका आहे तो कामाच्या जागेत. आणि कामाची जागा म्हणजे कारखान्याची चार भिंतींची शाळा नव्हे; तेथे फाटक नाही, हजेरीबुक नाही, बहुधा मालकही समोर नसतो.

पहिला फटका खुद्द प्रयोगशाळेलाच बसला. विषाणू हाताळताना पुण्याच्या केंद्रातील अनेक कर्मचारी या तापाने आजारी पडले. प्रयोगशाळेत कामगाराला विषाणूपासून कसे वाचवावे याचा धडा भारतात ज्या थोड्या रोगांनी कठोरपणे शिकवला, त्यांत हा एक. पुढे 1978 साली हेच केंद्र राष्ट्रीय विषाणू संस्था झाले. अशा घातक विषाणूंसाठी सर्वोच्च सुरक्षेची बंदिस्त प्रयोगशाळा मात्र पुण्यात 2012 सालापर्यंत उभी राहिली नव्हती.

लसीचा इतिहास उत्साहवर्धक नाही. रशियन रोगावरची लस आरंभी या भागात देऊन पाहिली, पण तिने फारसे संरक्षण दिले नाही. नंतर कोंबडीच्या गर्भपेशींत विषाणू वाढवून आणि फॉर्मॅलिनने तो निर्जीव करून देशी लस तयार झाली. ती बंगळूरला बनत असे. तिच्या दोन मात्रा घ्याव्या लागत, शिवाय वरचेवर पुनर्मात्रा. काम सोडून दवाखान्यात तीन-तीनदा जाणे रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नसे. परिणाम अपुरा ठरल्याने 2022 साली ती लस बंद झाली आणि नव्या लसीचे काम हाती घेतले गेले.

मधल्या काळात रोगाने हद्दी ओलांडल्या. 1982 साली दक्षिण कन्नड जिल्ह्यात निडळेजवळ काजूच्या लागवडीसाठी घनदाट रान तोडले गेले. त्या भागात पुढे मोठी साथ उसळली आणि हजाराहून अधिक लोक आजारी पडले. 2012 साली बंदीपूर येथे मेलेल्या माकडांची विल्हेवाट लावणाऱ्यांना ताप आला. ज्यांनी इतरांना वाचवावयाचे, त्यांच्याच हातांना पुरेसे संरक्षण नव्हते! 2015 साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात पाली गावी हा रोग प्रकटला आणि 2016 साली सिंधुदुर्गातील दोडामार्गातही. दोन्हीकडे काजूच्या बागा आहेत आणि काजूचा हंगाम नेमका गोचिडीच्या हंगामावर येतो. बोंडू झाडावरून पाडून घेत नाहीत. तो पिकून खाली पडतो आणि पाचोळ्यातून वाकून वेचावा लागतो. बी पिळून वेगळी करावयाची तीही बहुधा तेथेच बसून. ज्या पाचोळ्यात बसू नये म्हणून वैद्य बजावतात, त्याच पाचोळ्यात मजुराची मजुरी पडलेली असते.

उपाय साधे आहेत. रानात शिरण्यापूर्वी हातापायांना डेपा तेल चोळावे. अंगभर कपडे घालावेत. परतल्यावर कढत पाण्याने स्नान करून कपडे धुवावेत. गोठ्यात अंथरण्यासाठी रानातला सुका पाला आणू नये. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य खात्याला कळवावे, म्हणजे भोवतालच्या पन्नास फुटांच्या परिघात मॅलॅथिऑन भुकटी टाकता येते. या यादीतील बहुतेक भार कामगारावरच पडतो, हे लपून राहत नाही. तेलाची बाटली विकत कोणी आणावयाची, आणि बागेत बसण्यासाठी पाचोळा झाडून जागा मोकळी कोणी करून द्यावयाची, हे प्रश्न बागाईतदार, ठेकेदार आणि सरकार यांच्यापुढे आहेत.

गोव्याच्या बागांत कामाला आलेल्या बेळगाव जिल्ह्यातील मजुरांनाही 2016 साली या तापाने गाठले. गोचीड चावल्यावर ताप यायला साधारण तीन ते आठ दिवस लागतात. तोवर कामाचा आठवडा संपतो आणि मजूर बसने गावी पोचलेला असतो. तेथील डॉक्टर हिवतापासाठी रक्त तपासतात, विषमज्वराची गोळी देतात, आणि मजूर गेल्या आठवड्यात कोणत्या डोंगरावर बोंडू वेचत होता, हे विचारावयाचे राहून जाते.