चिकटपट्टीचा अवशेष (मोटारीच्या आतील प्लॅस्टिकवरील)

मोटारीच्या डॅशबोर्डवर, दाराच्या आतल्या बाजूस किंवा गिअरभोवतालच्या आवरणावर बराच काळ राहिलेली चिकटपट्टी सोलली असता तिचा वरचा कागदी, कापडी वा प्लॅस्टिकचा पापुद्रा निघून येतो आणि खालचा चिकट थर पृष्ठभागावरच राहतो. या थरास चिकटपट्टीचा अवशेष म्हणतात. भारतीय मोटारींत दुहेरी चिकटपट्टीने बसवलेली गणपतीची मूर्ती, मोबाइलचा स्टँड, अत्तराची कुपी आणि नंतर जोडलेल्या उपकरणांच्या तारा ही त्याची नेहमीची उगमस्थाने होत. अवशेष स्वतः बहुधा निरुपद्रवी असतो. पृष्ठभागाची कायमची हानी होते ती तो काढण्यासाठी घाईने निवडलेल्या द्रवामुळे, आणि म्हणून येथे डिंक कोणता यापूर्वी प्लॅस्टिक कोणते हा प्रश्न विचारावा लागतो.

चिकटपट्टीवरील पदार्थास दाबसंवेदी आसंजक म्हणतात, म्हणजे पाणी, उष्णता किंवा वाळण्याची क्रिया यांपैकी कशाचीही गरज न लागता केवळ बोटाच्या दाबाने चिकटणारा पदार्थ. तो द्रवाप्रमाणे पृष्ठभागाच्या सूक्ष्म खळग्यांत उतरतो आणि त्याच वेळी घनाप्रमाणे ओढ सहन करतो. त्याची दोन मुख्य कुळे आहेत : नैसर्गिक वा कृत्रिम रबरात राळ मिसळून केलेला रबरी डिंक, आणि ॲक्रिलिक बहुवारिकापासून (लहान रेणूंच्या लांब साखळ्यांनी बनलेल्या पदार्थापासून) केलेला डिंक. चिकटपट्टीच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा मोटारीशीच जोडलेला आहे. अमेरिकेत दुरंगी मोटारींची लाट असताना रंगकाम करणाऱ्यांनी लावलेल्या पट्ट्या काढताना नवा रंगही उखडून येई. ही अडचण पाहून थ्रीएम कंपनीतील रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये सहज सुटणारी मास्किंग टेप तयार केली. स्वच्छ सुटणे हा गुण चिकटण्याइतकाच अवघड आहे, हे तेव्हापासूनच स्पष्ट होते.

अवशेष का राहतो हे समजण्यासाठी दोन बलांतील फरक लक्षात घ्यावा लागतो. डिंकाची पृष्ठभागावरील पकड म्हणजे आसंजन आणि डिंकाच्या थराची स्वतःमधील धरण म्हणजे संसक्ती. नव्या पट्टीत संसक्ती आसंजनापेक्षा अधिक असल्यामुळे सबंध थर पट्टीबरोबर उचलला जातो. जुन्या पट्टीत हे प्रमाण उलटते आणि थर मधूनच फाटतो, किंवा पापुद्र्यापासून सुटा होऊन मागे राहतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत डॅशबोर्डचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकते, आणि या उष्णतेत प्राणवायू व जंबुपार किरण यांच्यामुळे रबरी डिंकाच्या साखळ्या आधी तुटतात, ज्यामुळे तो पाकासारखा ओघळतो, तर पुढे त्या एकमेकींशी जखडल्या जाऊन तो पिवळट, कडक व ठिसूळ होतो. विजेच्या तारांवर गुंडाळण्याच्या काळ्या पीव्हीसी टेपमध्ये आणखी एक दोष असतो : पट्टी लवचीक ठेवण्यासाठी घातलेले तेलकट द्रव्य हळूहळू डिंकात उतरते आणि त्याचा लगदा करून टाकते. ॲक्रिलिक डिंक ऊन व काळ यांना फारशी दाद देत नाही, मात्र तो वर्षानुवर्षे प्लॅस्टिकच्या दाणेदार पोताच्या खळग्यांत मुरत जातो आणि त्याची पकड वाढत राहते.

मोटारीच्या अंतर्भागात एकच प्लॅस्टिक नसते. डॅशबोर्डचे व दारांचे मोठे भाग बहुधा रबर आणि शंखजिरे मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलिनचे असतात. चकचकीत किंवा रंगवलेल्या पट्ट्या एबीएस या प्लॅस्टिकच्या, वेगदर्शकावरील पारदर्शक आवरण पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रिलिकचे आणि मऊ, चामड्यासारखे दिसणारे आच्छादन पुष्कळदा पीव्हीसीचे असते. सुटा होणारा भाग उलटा करून पाहिल्यास त्याच्या मागे प्लॅस्टिकची संक्षिप्त खूण सहसा कोरलेली आढळते, आणि अंदाजापेक्षा ती खूण केव्हाही विश्वासार्ह ठरते.

कोणता द्रव कशास विरघळवतो याचा नियम कोकणातील घराघरांत फणस कापताना पाळला जातो : सुरीला व हाताला तेल लावले की चीक चिकटत नाही, आणि चिकटलाच तर पाण्याने न निघता तेलाने निघतो. रबराचा डिंकही याच जातीचा. रसायनशास्त्रात ही जवळीक विद्राव्यता गुणांकाने मोजतात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जोएल हिल्डब्रँड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मापात दोन पदार्थांचे आकडे जितके जवळ तितके ते एकमेकांत सहज मिसळतात. नैसर्गिक रबराचा आकडा सुमारे १७, टोल्युइनचा १८, ॲसिटोनचा २० आणि पाण्याचा ४८ च्या आसपास आहे. एबीएस, पॉलिकार्बोनेट व ॲक्रिलिक यांचे आकडे साधारण १९ ते २० यांच्या दरम्यान पडतात, आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधील ॲसिटोन किंवा रंगाच्या दुकानातील थिनर या प्लॅस्टिकांना का खातो, हे या शेजारामुळेच उलगडते. पॉलिप्रॉपिलिनचा आकडा रबराच्या जवळ असूनही त्याच्या साखळ्या स्फटिकरूपात घट्ट रचलेल्या असल्यामुळे ते नेहमीच्या तापमानात विरघळत नाही. तथापि डिंक काढण्यासाठी लावलेले रॉकेल त्यावर फार वेळ राहिल्यास आत मिसळलेला रबराचा अंश फुगतो, आणि पीव्हीसीमधून तर लवचीकपणा देणारे द्रव्यच बाहेर ओढले जाते. मोटारीत पेट्रोल वापरू नये, हे आगीच्या भयाने वेगळे सांगण्याची गरज नसावी.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात द्रवाने करू नये. पट्टी अजून जागेवर असेल, तर हेअर ड्रायरने हाताला सोसवेल इतपत गरम करून ती पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर, सावकाश ओढावी, कारण झटका दिल्यास थर फाटतो. कारागिरांची हीट गन येथे धोक्याची आहे, कारण तिची हवा कित्येक शे अंशांची असते आणि एबीएस १०५ अंशांच्या सुमारास मऊ पडते. जाड फेसाची दुहेरी पट्टी प्रथम तंगुसाच्या दोऱ्याने करवतीसारखी मधोमध कापावी, मग उरलेला फेस अंगठ्याने चोळून त्याच्या गोळ्या कराव्यात; पातळ अवशेषावर नवी चिकटपट्टी दाबून झटकन उचलली, तरी बराचसा डिंक तिच्याबरोबर येतो. त्यानंतर राहिलेल्या रबरी थरावर खोबरेल तेल दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावे. थंडीत ते थिजत असल्याने आधी पातळ करावे लागते. ॲक्रिलिक डिंकासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल अधिक उपयोगी. ते थेट न ओतता कापडावर घेऊन लावावे, दारे उघडी ठेवावीत आणि जवळ ज्योत नसावी, कारण त्याची वाफ सुमारे १२ अंश तापमानालाही पेट घेऊ शकते. कोणताही द्रव आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात तपासावा, आणि शेवटी भांडी घासण्याच्या सौम्य साबणाच्या पाण्याने तेलाचा अंश धुऊन घ्यावा, नाहीतर पोतात राहिलेल्या तेलावर धूळ बसून नवा डाग तयार होतो. पाते, काथ्या किंवा खरखरीत स्पंज यांनी दाणेदार पोत घासला जाऊन कायमची चकाकी येते. टोल नाक्यासाठी काचेवर लावलेला फास्टॅग पात्याने खरवडता येतो म्हणून डॅशबोर्डवरही पाते चालवणे ही फार सामान्य चूक आहे.

पारदर्शक आवरणांबाबत विशेष जपावे लागते. साच्यात घडताना त्यांच्यात ताण राहिलेला असतो, आणि अशा ताणलेल्या ॲक्रिलिकला अल्कोहोलचा किंवा पॉलिकार्बोनेटला अमोनियायुक्त काच-सफाईद्रवाचा स्पर्श झाल्यास केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटू शकते. तेथे थोडे तेल व साबणाचे कोमट पाणी यांपलीकडे जाऊ नये.

काही वेळा ज्याला अवशेष समजले जाते तो अवशेष नसतो. बटणांवर व हँडलांवर दिलेला रबरासारखा मऊ पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत वर्षानुवर्षे राहून विघटित होतो आणि आपोआप चिकट बनतो. तो पुसताना निघते ते रंगाचेच आवरण असते. तसेच डिंक पूर्ण निघाल्यावरही पट्टीच्या आकाराचा गडद चौकोन दिसत राहिला, तर तो पट्टीखाली झाकला गेल्यामुळे न विटलेला मूळ रंग असतो, आणि भोवतालचे प्लॅस्टिक उन्हाने फिके पडलेले असल्याने तो कोणत्याही द्रवाने जात नाही.