मेई हाँग

हाँग, मेई : घन-अवस्था एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन) पद्धतीने पेशीपटलात रुतलेल्या प्रथिनांची रचना आणि हालचाल उलगडणाऱ्या चिनी-अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. जन्म चीनमध्ये. अमेरिकेतील माउंट होल्योक महाविद्यालयातून १९९२ मध्ये पदवी, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली येथे ॲलेक्झांडर पाइन्स यांच्या मार्गदर्शनाखाली १९९६ मध्ये पीएच.डी. त्यानंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (एमआयटी) रॉबर्ट ग्रिफिन यांच्या प्रयोगशाळेत काम. पाइन्स आणि ग्रिफिन दोघेही एमआयटीच्या जॉन वॉ यांच्या हाताखाली घडलेले. त्यामुळे हाँग यांच्या वाट्याला या शाखेतले अस्सल घराणे आले, असे म्हणायला हरकत नाही. १९९९ पासून त्या आयोवा स्टेट विद्यापीठात होत्या. २०१४ पासून एमआयटीत रसायनशास्त्राच्या प्राध्यापक आहेत.

प्रथिनांची रचना पाहण्याचा जुना राजमार्ग म्हणजे क्ष-किरण स्फटिकविज्ञान. त्यासाठी प्रथिनाचे स्फटिक बनावे लागतात. द्रावणातील एनएमआरला रेणू पाण्यात मोकळा गिरक्या घेणारा लागतो. पेशीच्या मेदपटलात अडकलेले प्रथिन या दोन्ही अटी सहजी पाळत नाही. मग त्याला डिटर्जंटने पटलातून सोडवून घ्यायचे आणि निघालेली रचना मूळच्यासारखीच आहे असे गृहीत धरायचे, अशी रीत पडली. घन-अवस्था एनएमआरमध्ये प्रथिन मेदपटलातच ठेवता येते. अडचण वेगळीच असते : रेणू मोकळे फिरत नसल्याने प्रत्येकाची चुंबकीय क्षेत्राशी असलेली दिशा निराळी राहते, आणि वर्णपटात सुट्या रेषांऐवजी पसरट ढिगारा दिसतो. त्यावरचा उपाय रेमंड अँड्र्यू आणि अर्विंग लोव यांनी १९५८-५९ च्या सुमारास स्वतंत्रपणे काढला. नमुना काही मिलिमीटर व्यासाच्या सिरॅमिक नळीत भरायचा आणि क्षेत्राशी ५४.७ अंशांचा कोन करून सेकंदाला हजारो फेरे फिरवायचा. या नेमक्या कोनात दिशेवर अवलंबून असणारे परिणाम सरासरीत शून्य होतात आणि रेषा बारीक होतात. या कोनाला ‘जादुई कोन’ म्हणतात. त्यामागे जादू नाही, साधी त्रिकोणमिती आहे. सर्वसाधारण कार्बन आणि नायट्रोजन या तंत्राच्या फारसे उपयोगी नाहीत, म्हणून प्रथिन कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ या समस्थानिकांनी ‘लेबल’ करून घ्यावे लागते. कोणत्या ॲमिनो आम्लात लेबल असावे आणि कोणत्यात नसावे हे ठरवणे ही निम्मी लढाई असते. हाँग यांचे नाव प्रथम झाले ते याच कामामुळे : जिवाणूंना ठरावीक अन्न देऊन निवडक ॲमिनो आम्लांतच कार्बन-१३ पोहोचवण्याची आणि त्यातून वर्णपटातली गर्दी कमी करण्याची युक्ती त्यांनी १९९९ मध्ये मांडली. २००३ मध्ये त्यांना अमेरिकन केमिकल सोसायटीचा शुद्ध रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला.

आयोवातल्या पहिल्या दशकात त्यांनी जंतुनाशक पेप्टाइडांवर काम केले. डुकराच्या पांढऱ्या रक्तपेशींत सापडणारे प्रोटेग्रिन-१ हे अवघ्या १८ ॲमिनो आम्लांचे पेप्टाइड जिवाणूला मारते, प्राण्याच्या पेशीला मात्र तितका अपाय करत नाही. जिवाणूच्या पटलासारख्या ऋणभारित पटलात त्याचे अनेक रेणू एकत्र येऊन आरपार छिद्र पाडतात. कोलेस्टेरॉल असलेल्या पटलावर ते पृष्ठभागावरच गोळा होऊन राहतात, असे त्यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले. पेप्टाइडातल्या धनभारित आर्जिनिनने मेदातले फॉस्फेट गट आपल्याबरोबर आत ओढून नेल्याचेही पुढच्या वर्षी दिसले. पेप्टाइड तेच, पटल बदलले की वागणे बदलते. हाँग यांच्या पुढच्या जवळजवळ सगळ्या कामाचा कणा हाच आहे.

त्यांचे सर्वांत गाजलेले संशोधन इन्फ्लुएन्झा ‘ए’ विषाणूच्या एम-२ प्रथिनावरचे. ९७ ॲमिनो आम्लांच्या या प्रथिनाच्या चार साखळ्या मिळून विषाणूच्या आवरणात प्रोटॉन आत सोडणारी वाहिनी होते. १९६६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले अमँटाडीन हे औषध ती वाहिनी बंद करत असे. ते नेमके कुठे बसते यावर जानेवारी २००८ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन उत्तरे छापली गेली. हार्वर्डमधील जेम्स चाऊ यांच्या गटाने द्रावणातील एनएमआरच्या आधारे सांगितले की अमँटाडीनचे जवळचे भावंड रिमँटाडीन वाहिनीच्या बाहेर, मेदाच्या बाजूला, चार ठिकाणी चिकटते. विल्यम डीग्रॅडो यांच्या गटाच्या स्फटिकात मात्र अमँटाडीनचा एकच रेणू वाहिनीच्या पोकळीत होता. दोन्ही नमुने डिटर्जंटमधले, दोन्ही गट नामांकित.

हाँग यांच्या गटाने प्रश्न मेदपटलात नेला. औषधातल्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घातले, एम-२ च्या ठरावीक अणूंवर कार्बन-१३ ठेवला आणि दोघांमधील अंतर मोजले. २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेले उत्तर असे : औषध कमी असते तेव्हा त्याचा एकच रेणू पोकळीत, सेरीन-३१ च्या आसपास बसतो आणि घट्ट धरला जातो, मात्रा खूप वाढवली तरच बाहेरची, कमी ओढीची जागा भरते. म्हणजे बाहेरची जागा खोटी नव्हती, फक्त औषधाच्या कामाची नव्हती. सहलेखकांत डीग्रॅडो होते, तेव्हा हे अगदी त्रयस्थाचे निवाडापत्र नव्हे. पण अंतराचा आकडा कुणाची बाजू घेत नाही. सेरीन-३१ च्या जागी ॲस्पॅराजिन आले की अमँटाडीन निकामी का होते, याचाही उलगडा यातून सरळ होतो. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या विषाणूत हाच बदल होता. त्या साथीत पुण्यात औषध म्हणून टॅमीफ्लूच का दिले जाई आणि अमँटाडीनचे नावही कुणी का घेत नसे, त्याचे कारण या एका ॲमिनो आम्लात आहे.

२०१० मध्येच ‘सायन्स’मध्ये त्यांनी याच वाहिनीच्या दाराचे काम दाखवले. आम्लता वाढली की हिस्टिडीन-३७ ची कडी हलू लागते आणि शेजारच्या पाण्याशी प्रोटॉनची देवाणघेवाण करते. उदासीन माध्यमात ती निश्चल असते. म्हणजे हिस्टिडीन नुसते बाजूला सरणारे झाकण नाही, प्रोटॉन स्वतः हातात घेऊन पुढे देणारा दुवा आहे. २०२० मध्ये इन्फ्लुएन्झा ‘बी’च्या एम-२ ची बंद आणि उघडी अशा दोन्ही अवस्थांतली रचनाही या गटाने काढली. या वाहिनीवर अमँटाडीन मुळातच चालत नाही.

मधल्या काळात हाँग वनस्पतींकडे वळल्या. ॲरॅबिडॉप्सिसची रोपे कार्बन-१३ चे ग्लुकोज देऊन वाढवली आणि त्यांच्या पेशीभित्तिका न वाळवता, न विरघळवता तपासल्या. सेल्युलोजचे तंतू झायलोग्लुकनच्या दोऱ्यांनी एकमेकांना बांधलेले असतात, हे तोवरचे चित्र. वर्णपटात पेक्टिन आणि सेल्युलोज यांची सलगी अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त दिसली. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या पाठ्यपुस्तकी आकृतीला धक्का एका रसायनशास्त्रज्ञाच्या चुंबकातून बसावा, हे गमतीचेच.

२०१४ मध्ये घन-अवस्था जैव-एनएमआरसाठीचे ग्युंटर लाउकीन पारितोषिक सहा जणांत विभागून दिले गेले; हाँग त्यांपैकी एक. पुढे ग्लुकागॉन आणि टाऊ प्रथिन यांच्या तंतूंवर काम झाले. २९ ॲमिनो आम्लांचे ग्लुकागॉन हे संप्रेरक साठवणीत तंतू धरते, त्यामुळे औषध म्हणून त्याची पंचाईत होते. २०१९ च्या शोधनिबंधात या तंतूंत एकाच साखळीच्या दोन वेगळ्या ठेवणी शेजारीशेजारी नांदत असल्याचे दिसले.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे एमआयटीचा परिसर बंद झाला तेव्हा त्यांच्या छोट्या गटाने खास परवानगी घेऊन सार्स-कोव्ह-२ च्या ‘ई’ प्रथिनाचे काम चालू ठेवले. ७५ ॲमिनो आम्लांचे हे प्रथिन पाच साखळ्यांची वाहिनी बनवते. ज्या पटलात ते संक्रमित पेशीत असते त्याच्याशी मिळतेजुळते मेदमिश्रण घेऊन रचना काढली गेली : अरुंद पोकळी, आत फेनिलॲलनिनच्या कड्यांची दाटी, पाणी जेमतेम. अमँटाडीन येथेही तोंडाशी बसते, पण सैल. २०२३ मध्ये आम्ल माध्यमात आणि कॅल्शियमच्या उपस्थितीत उघडणाऱ्या अवस्थेची रचना आली. तिच्यात फेनिलॲलनिनच्या कड्यांची जागा बदललेली आहे आणि वाहिनीचे तोंड रुंद झालेले आहे.