वीज फ्रँचायझीचे जन्मगाव

आग्रा, नागपूर, औरंगाबाद, जळगाव, मालेगाव, मुंब्रा. या शहरांत वीजवितरण खासगी कंपनीकडे देण्याचा जो करार झाला, त्याचे मूळ शोधत गेले की आपण भिवंडीत, नारपोलीसारख्या मागवाल्यांच्या वस्तीत येऊन थांबतो.

भिवंडीत यंत्रमाग स्वातंत्र्याआधीच आले. 1982च्या गिरणी संपानंतर मुंबईचे बरेच काम इकडे वळले आणि घराघराशेजारी पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या. साध्या मागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर पुरते. एकट्या मागाची भूक लहान, पण माग लाखोंनी. तारा आणि डीपी मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत. तारेतला प्रवाह दुप्पट झाला की उष्णतेत जाणारी वीज चौपट होते, त्यामुळे भार वाढेल तशी गळती वाढत गेली. त्यात वीजचोरीचे आकडे, बंद मीटर आणि थकबाकी. 2006च्या सुमारास शहरात येणाऱ्या शंभर युनिटांपैकी जेमतेम बेचाळीस युनिटांचे पैसे वसूल होत. डीपी जळायच्या, भारनियमन चालायचे, आणि इमानदारीने बिल भरणाऱ्याचा मागही बंदच राहायचा.

यातून सुटण्याची वाट 2003च्या वीज कायद्यात होती. त्याच्या 14व्या कलमातल्या तरतुदीनुसार परवानाधारक कंपनी आपल्या क्षेत्राचा एखादा भाग दुसऱ्याकरवी चालवू शकते आणि त्या दुसऱ्याला वेगळा परवाना लागत नाही. 2005मध्ये राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण जन्मले. महावितरणने निविदा काढल्या आणि 26 जानेवारी 2007 रोजी भिवंडीचे वीजवितरण टोरेंट पॉवर या खासगी कंपनीच्या हाती गेले. शहरभराचे वितरण अशा करारावर देण्याचा देशातला हा पहिला प्रयोग.

त्याची खरी कल्पकता हिशेबात होती. कंपनीने शहराच्या वेशीवर मोजलेली वीज ठरलेल्या दराने महावितरणकडून घ्यायची आणि ग्राहकाला वीज नियामक आयोगाच्याच दराने द्यायची. मधे गळेल ते कंपनीचे नुकसान, वाचेल ती कंपनीची कमाई. मग मीटर बदलले, तारा बदलल्या, डीपी वाढल्या. चार-पाच वर्षांत गळती वीस टक्क्यांच्या आसपास आली. बिलांविरुद्ध मोर्चेही निघाले, आणि त्यांतली चीड समजण्यासारखी होती, कारण सुधारणेचा भार आधी लहान मागवाल्याच्या खिशावर पडला. तरीही वीजबचतीच्या इतिहासात ही नोंद मोठी आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

हाच करार दुसऱ्या शहरात उचलून नेला म्हणजे यश आपोआप येते, असे मात्र नाही. औरंगाबाद आणि जळगावचे करार मुदतीआधीच मोडले, नागपूरचा 2019मध्ये संपला.

आणि भिवंडीतही बचत मीटरपाशीच थांबली. मीटरच्या पलीकडे तोच जुना माग, तीच पुन्हापुन्हा गुंडाळलेली मोटर. 2017मध्ये केंद्राने ‘साथी’ योजना आखली: ऊर्जाक्षम माग, मोटरी यांची सरकारी कंपनीने घाऊक खरेदी करायची, मागवाल्याने सुरुवातीला काही न भरता वाचलेल्या बिलातून हप्ते फेडायचे. विचार योग्य होता, कारण जॉबवर्क करणाऱ्याला सूत व्यापारी देतो, मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरमागे मिळते आणि विजेचे बिल त्याचे स्वतःचे असते. नव्या मोटरीसाठी रोकड त्याच्याकडे उरत नाही. म्हणून राज्याने वीजदरात सवलत देताना तिच्यातला काही भाग मोटर बदलण्यासाठी राखून ठेवावा, आणि त्याची सुरुवात नारपोलीच्या लहान शेडींपासून करावी.