किराणा ॲपवर खरंच स्वस्त काय, ते कसं ओळखायचं?

ॲपवर ‘30% सूट’ दिसली की आपण वस्तू लगेच कार्टमध्ये टाकतो. पण ही सूट बहुतेक वेळा एमआरपीवर मोजलेली असते. वस्तू स्वस्त पडते की नाही, हे युनिट प्राइसवरून, म्हणजे एका किलोच्या किंवा लिटरच्या भावावरून कळतं.

हिशोब असा करा: किंमत ÷ ग्रॅम × 1000 = किलोचा भाव

समजा, तूरडाळीचं 500 ग्रॅमचं पाकीट 82 रुपयांना आणि 1 किलोचं 172 रुपयांना आहे. लहान पाकिटाचा भाव किलोला 164 रुपये पडतो. म्हणजे इथे दोन लहान पाकिटं घेतली तर 8 रुपये वाचतात!

पाकिटावर छापलेली युनिट प्राइस एमआरपीवरून काढलेली असते, म्हणून ॲपवरची किंमत घेऊनच हिशोब करा.

पैसे भरण्याआधी हे तपासा:
- डिलिव्हरी आणि हँडलिंग चार्ज धरून एकूण बिल किती होतं?
- तुम्ही न निवडलेली वस्तू कार्टमध्ये आली आहे का? 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार असं करायला मनाई आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: 1915.